राजमार्ग ६६ वरील ओसाड पेट्रोलपंप : हळहळ आणि प्रमाण

(१)

या त्रैमासिकाचे वाचक ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि मोडी दप्तरें यांच्या चर्चेस सरावलेले आहेत. त्यांच्यापुढें अमेरिकेंतील एका रस्त्याच्या कडेस मोडकळीस आलेल्या पेट्रोलपंपांचा विषय मांडावा, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पंपाचें वय तें किती ! फार झालें तर शंभर वर्षें. परंतु वस्तूचें वय हें तिच्या ऐतिहासिकत्वाचें एकमेव गमक नव्हे. वस्तु ज्या व्यवहारासाठीं निर्माण झाली तो व्यवहार संपला आणि वस्तु मात्र जागच्या जागीं उभी राहिली, म्हणजे ती इतिहासाचें साधन या पदवीस पोंचते. या कसोटीनें पाहतां उपर्युक्त पंप हे आमच्या विषयाच्या कक्षेबाहेरचे नाहींत.

या पंपांची लोकांस विलक्षण ओढ आहे. गंजलेली पत्र्याची पाटी, फुटलेलें तावदान, गवतानें वेढलेला चौथरा, एवढें पाहण्यासाठीं माणसें शेंकडों मैलांचा प्रवास करितात, छायाचित्रें काढितात आणि जड मनानें परत फिरतात. ही ओढ कशाची, आणि इतिहासास तिचा उपयोग किती व अपाय किती, या दोन प्रश्नांचा येथें विचार कर्तव्य आहे. हा रस्ता आम्हीं प्रत्यक्ष पाहिलेला नाहीं. प्रसिद्ध झालेल्या नोंदी व छायाचित्रें यांवरून हें लिहीत आहों, हें आरंभींच सांगणें उचित होय.

(२)

अमेरिकेंत पेट्रोलास ‘गॅसोलीन’ व संक्षेपानें ‘गॅस’ म्हणतात. मोटारीच्या आरंभकाळीं हें द्रव्य विकण्यास निराळें स्थानच नव्हतें. सन १८८८ च्या ऑगस्टांत बर्था बेंझ ही बाई आपल्या पतीनें बनविलेली मोटार घेऊन जर्मनींतील मानहाइमहून फोर्त्सहाइमास निघाली, तेव्हां वाटेंत वीस्लोख गांवीं तिनें औषधाच्या दुकानांतून लिग्रोइन नांवाचें द्रव्य विकत घेतलें व तें इंधन म्हणून वापरलें. अमेरिकेंतहि प्रथम किराणा दुकानदार डब्यांनीं पेट्रोल विकीत. इंडियाना राज्यांतील फोर्ट वेन येथील सिल्व्हेनस बाउझर यानें सन १८८५ मध्यें घासलेट मोजून देणारा पंप केला, व सन १९०५ मध्यें मोटारीच्या इंधनासाठीं त्याची सुधारलेली आवृत्ति काढिली. त्याचें नांव अद्याप टिकून आहे. आपल्याकडेहि विमानांस इंधन पुरविणाऱ्या गाडीस ‘बाउझर’ म्हणतात. पुढें १ डिसेंबर १९१३ रोजीं गल्फ कंपनीनें पिट्सबर्ग शहरांत मोटार थेट आंत घेतां येईल असें बांधीव ठाणें उघडिलें. पहिल्या दिवशीं तेथें अवघें ३० गॅलन पेट्रोल खपलें. भाव गॅलनास २७ सेंट होता.

त्या काळच्या पंपाची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. पंपाच्या माथ्यावर कांचेचें उंच नळकांडें असे व त्यावर गॅलनांच्या खुणा असत. विक्रेता दांडा मारून जमिनींतील टांकींतून पेट्रोल वर चढवी, गिऱ्हाईक खुणेशीं पातळी ताडून पाही, आणि मग तें आपल्या भारानें नळीवाटे मोटारींत उतरे. मापांत लबाडी नाहीं हें डोळ्यांनीं दाखविण्याची ही युक्ति होती. अनोळखी वाटसरू आणि अनोळखी विक्रेता यांच्यामध्यें विश्वास कसा उत्पन्न करावा, या प्रश्नाचें तें कांचेंत घातलेलें उत्तर होय. आज हे पंप पाहून लोकांस त्यांच्या घाटाचें कौतुक वाटतें. पण तो घाट सौंदर्यासाठीं नसून संशय फेडण्यासाठीं होता, हें विसरतां कामा नये.

(३)

आतां ज्या रस्त्यावर अशा ठाण्यांचे अवशेष विपुल आहेत तो रस्ता पाहूं. राजमार्ग ६६ याची स्थापना ११ नोव्हेंबर १९२६ रोजीं झाली. शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंत, आठ राज्यांतून जाणारा हा सुमारें २,४४८ मैलांचा मार्ग. तो नवा आंखलेला नसून बहुतांशीं गांवोगांवचे जुने रस्ते एका क्रमांकाखालीं जोडून सिद्ध झालेला होता. म्हणून तो प्रत्येक गांवाच्या बाजारपेठेंतून जाई. संपूर्ण मार्ग पक्का होण्यास सन १९३८ उजाडलें. मधल्या दशकांत अवर्षण व धुळीचीं वादळें यांनीं नागवलेलीं हजारों शेतकरी कुटुंबें याच मार्गानें कॅलिफोर्नियाकडे गेलीं. जॉन स्टाइनबेक यानें सन १९३९ च्या आपल्या कादंबरींत या मार्गास मातेची उपमा दिली, आणि तें नांव रूढ झालें.

या मार्गावरील कांहीं ठाण्यांचा इतिहास सुदैवानें नीट नोंदलेला आहे. इलिनॉय राज्यांतील माउंट ऑलिव्ह येथें हेन्री सोल्स्बी हा कोळशाच्या खाणींतील कामगार होता. दुखापतीनें तें काम सुटल्यावर त्यानें आयुष्याची शिल्लक घालून व वर कर्ज काढून सन १९२६ मध्यें रस्त्याच्या कोपऱ्यावर पंप बांधिला. त्याचा मुलगा रसेल व मुलगी ओला यांनीं तो पुढें चालविला. महायुद्धांत दळणवळणाच्या यंत्रांचें काम शिकून आलेला रसेल पंपाच्याच खोलींत रेडिओ व दूरचित्रवाणी संच दुरुस्त करी. सन १९९१ मध्यें तेथील पेट्रोलविक्री थांबली व सन १९९३ मध्यें दार बंद झालें. खाणींतून वर आलेल्या एका माणसाच्या घराण्यानें दोन पिढ्या एका कोपऱ्यावर काढिल्या, याचा तो दाखला आहे.

त्याच राज्यांत ओडेल येथें पॅट्रिक ओडॉनेल यानें सन १९३२ मध्यें बांधिलेलें स्टँडर्ड ऑइलचें ठाणें आहे, आणि ड्वाइट येथें सन १९३३ मधील टेक्साकोचें ठाणें आहे. हें दुसरें सन १९९९ पर्यंत, म्हणजे ६६ वर्षें, पेट्रोल देत होतें. हीं दोन्ही लहान घरासारखीं दिसतात : उतरतें छप्पर, खिडक्या, पुढें ओसरीसारखी पडवी. ओक्लाहोमांतील टल्सा येथील सन १९३१ च्या ठाण्यासहि घरगुती घाट दिलेला आहे. वस्तीजवळ पंप आला तर शेजाऱ्यांस तो खुपूं नये, आणि परगांवच्या वाटसरास तेथें थांबतांना आपल्याच घरापुढें आल्यासारखें वाटावें, असा त्यांत कंपन्यांचा हिशेब होता. याउलट टेक्ससांतील शॅमरॉक येथील सन १९३६ चें ठाणें उंच मनोऱ्याचें आहे. दुरून दिसावें हाच त्याचा हेतु. त्याचा आराखडा मालकानें खिळ्यानें मातींत रेघा ओढून दाखविला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती येथें नमूद केली आहे.

(४)

हीं ठाणीं ओस कां पडलीं ? याचें मुख्य कारण २९ जून १९५६ रोजीं अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं मंजूर केलेला महामार्गांचा कायदा. त्यान्वयें ४१,००० मैलांचें नव्या रस्त्यांचें जाळें आंखण्यांत आलें. हे रस्ते गांवांत शिरत नाहींत. गांवाबाहेरून जातात, आणि त्यांवर चढण्या-उतरण्याच्या जागा ठरलेल्या असतात. जुना रस्ता वाटसरास प्रत्येक दारापुढून नेई. नवा त्यास दाराकडे वळूंच देईना. एवढ्या एका फरकानें शेंकडों लोकांचा धंदा बसला.

ओक्लाहोमांतील हायड्रो गांवाजवळ ल्यूसिल हॅमन्स या बाईनें सन १९४१ पासून एक पंप चालविला होता. सन १९७१ मध्यें नवा महामार्ग तिच्या दारावरून गेला, पण त्यावरून तिच्या दाराशीं येण्याची वाट तुटली. तरीहि ती तेथून हलली नाहीं. सन २००० मध्यें मृत्यु येईपर्यंत ती तेथेंच होती. टेक्सस व न्यू मेक्सिको यांच्या सीमेवरील ग्लेनरिओ हें वाड्याएवढें गांव तर सीमेवरच जगत होतें : टेक्ससांत पेट्रोलवरील कर कमी, म्हणून पंप त्या बाजूस; त्या बाजूच्या तालुक्यांत दारूबंदी, म्हणून बिअरचें दुकान दुसऱ्या बाजूस. सन १९७० नंतरच्या दशकांत नवा महामार्ग बाजूनें गेला, आणि गांव जवळजवळ निर्मनुष्य झालें. शेवटीं १३ ऑक्टोबर १९८४ रोजीं अ‍ॅरिझोनांतील विल्यम्स हें गांवहि वगळलें गेलें, आणि २७ जून १९८५ रोजीं ६६ हा क्रमांकच राष्ट्रीय यादींतून काढण्यांत आला.

जे पंप इतकें होऊनहि चालू होते त्यांवर दुसरा घाला जमिनीखालून आला. पोलादी टांक्या गंजून पेट्रोल मातींत व विहिरींच्या पाण्यांत झिरपतें असें दिसून आल्यावर सन १९८४ मध्यें त्याविषयीं कायदा झाला. सन १९८८ च्या नियमांनीं जुन्या टांक्या सुधारण्यास किंवा काढून टाकण्यास २२ डिसेंबर १९९८ ही मुदत घालून दिली. हा खर्च लहान पंपवाल्यांस झेपण्यासारखा नव्हता.

येथें संशोधकानें एक गोष्ट टिपून ठेवावी. ज्या कारणानें हीं ठाणीं मेलीं त्याच कारणानें तीं राहिलीं. रहदारी सरली म्हणून जागेची किंमत पडली, आणि जागा कोणास नको झाली म्हणून इमारत कोणी पाडिली नाहीं. शहरांतील वाहत्या रस्त्यावरचे त्याच काळचे पंप पाडून नवे झाले व त्यांचा मागमूसहि उरला नाहीं. आमच्या वाचकांस हा न्याय नवा नाहीं. बोरघाटांतून सन १८६३ मध्यें आगगाडी गेली, पुढें मोटारींचा रस्ता झाला. नाणेघाटांत दोन्ही झालीं नाहींत, आणि सातवाहनांच्या काळचें लेणें, तेथील लेख व जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण आजहि वाटेवर जागच्या जागीं भेटतात. उपेक्षा ही पुष्कळदां उत्तम राखणदार ठरते; मात्र ती पगार न घेणारी राखणदारीण असल्यामुळें केव्हां निघून जाईल याचा नेम नाहीं.

(५)

आतां ओढीकडे वळूं. ज्यांनीं तरुणपणीं या मार्गानें प्रवास केला त्यांस हळहळ वाटणें स्वाभाविक आहे. परंतु क्रमांक रद्द झाल्यानंतर जन्मलेलेहि तेथें जाऊन उदास होतात, हें कसें ? शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत हंसपदिकेचें गाणें ऐकून दुष्यंताचें मन कारण न कळतां व्याकुळ होतें, आणि तो त्याचा संबंध जन्मांतरींच्या सौहृदांशीं जोडितो. येथें जन्मांतराची कल्पना करण्याचें कारण नाहीं. चित्रें, चित्रपट व पुस्तकें यांनीं तो संस्कार दुसऱ्यांच्या डोळ्यांनीं करून ठेविला आहे. एडवर्ड हॉपर यानें सन १९४० मध्येंच, म्हणजे हा धंदा भरांत असतां, संध्याकाळच्या एकाकी पंपाचें चित्र काढिलें होतें; आणि तें कोणा एका ठाण्याचें नसून त्यानें पाहिलेल्या अनेक ठाण्यांवरून जुळविलेलें होतें. ओसाडीचा भाव ओसाडीच्या आधीं जन्मला, असें यावरून म्हणावें लागतें.

संग्राहकांस विशेष बोधप्रद अशी एक हकीकत येथें सांगतों. एड रूशे हा चित्रकार ओक्लाहोमा शहरांत वाढला व लॉस एंजेलिस येथें राहावयास गेला. घरीं जातां-येतां वाटेवर जे पंप लागत त्यांचीं २६ साधीं काळीं-पांढरीं छायाचित्रें त्यानें एका लहान पुस्तकांत छापिलीं. मजकूर कांहीं नाहीं. फक्त कंपनीचें नांव व ठिकाण. सन १९६३ मध्यें निघालेल्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती ४०० होत्या. एक प्रत त्यानें अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथसंग्रहालयास, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसला, पाठविली; ती संग्रहास नको म्हणून परत आली. त्यानें पुढील वर्षीं ती नापसंतीच जाहिरात म्हणून एका कलाविषयक मासिकांत छापविली. आज त्या ४०० प्रतींपैकीं एखादी आपल्याकडे असणें ही मोठमोठ्या संग्रहालयांस भूषणाची गोष्ट वाटते. याचा उत्तरार्ध असा, कीं जॉन मार्गोलीस या गृहस्थानें सन १९७० च्या सुमारापासून तीस-पस्तीस वर्षें देशभर फिरून रस्त्याकडेच्या पंपांचीं, खानावळींचीं व पाट्यांचीं रंगीत छायाचित्रें काढिलीं. आणि त्यांपैकीं ११,७१० छायाचित्रांचा संच त्याच ग्रंथसंग्रहालयानें घेतला व सर्वांस मोकळा करून दिला. जें सन १९६३ मध्यें दारांतून परत गेलें, त्याच जातीची सामग्री अर्धशतकाच्या आंत सन्मानानें आंत आली. ग्रंथपालांची बुद्धि बदलली असें नव्हे. मधल्या काळांत खऱ्या वस्तु नाहींशा झाल्या.

(६)

हळहळीचा उपयोग येणेंप्रमाणें सिद्ध आहे. ओडेल, माउंट ऑलिव्ह व ड्वाइट येथील ठाणीं राष्ट्रीय नोंदवहींत दाखल झालीं, शॅमरॉकचा मनोरा दुरुस्त झाला, सन १९९९ मध्यें या मार्गाच्या रक्षणासाठीं कायदा झाला. हें सर्व कोरड्या विद्वत्तेनें झालें नसतें. आतां अपाय पाहूं.

पहिला अपाय असा, कीं हळहळ निवड करिते आणि निवड केल्याचें सांगत नाहीं. त्या मार्गाचें स्मरण ‘मोकळा रस्ता, हंसतमुख पंपवाला’ असें केलें जातें. परंतु कृष्णवर्णीय प्रवाशास हा रस्ता मोकळा नव्हता. कित्येक पंपांवर त्यास पेट्रोल मिळे, पण शौचकूप वापरूं देत नसत. कित्येक गांवांत सूर्यास्तानंतर थांबण्याची त्यास बंदी असे. म्हणूनच न्यूयॉर्कमधील हार्लेम येथील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाल्यानें सन १९३६ पासून कोठें थांबावें, कोठें जेवावें, याची सूची छापण्यास आरंभ केला, आणि ‘ग्रीन बुक’ या नांवानें ती सन १९६० नंतरच्या दशकापर्यंत निघत राहिली. एसो कंपनीच्या पंपांवरून तिचा प्रसार होई. ओक्लाहोमांत लूथर गांवाजवळ अ‍ॅलन थ्रेट या कृष्णवर्णीय गृहस्थानें सुमारें सन १९१५ मध्यें आपल्याच जमिनींतील वालुकाश्म काढून एक पंप बांधिला होता. ज्यांस इतरत्र दार बंद होतें त्यांस तेथें निर्धास्तपणें थांबतां येई. ही इमारत सन १९९५ मध्यें नोंदवहींत आली. तरी सन २०२१ मध्यें तिचें नांव देशांतील अत्यंत धोक्यांतील ११ स्थळांच्या यादींत घालावें लागलें. चकचकीत मनोऱ्याकडे जितकी हळहळ धांवली तितकी या दगडी खोलीकडे धांवली नाहीं, इतकाच याचा अर्थ.

दुसरा अपाय बनावटीचा. जेथें मागणी तेथें नकला. जुन्या मुलाम्याच्या पाट्या व पंपांच्या माथ्यावरील कांचेचे गोळे यांच्या नव्या प्रतिकृति गंज चढवून विकल्या जातात. अ‍ॅरिझोनांतील कूल स्प्रिंग्ज येथील जळून गेलेलें ठाणें या शतकाच्या आरंभीं जुन्या छायाचित्रांवरून पुन्हां उभारलें गेलें. उभारणाराचा हेतु स्तुत्य आहे. पण पन्नास वर्षांनीं येणाऱ्या अभ्यासकास मूळ दगड कोणता व नवा कोणता हें सांगणारा कागद नसेल, तर तो फसेल. बनावट सनदा व महजर हाताळलेल्या वाचकांस याहून अधिक सांगणें नलगे.

तिसरा अपाय विस्मरणाचा. त्या गवताखालच्या मातींत पेट्रोल मुरलेलें असतें. छायाचित्रांत तें दिसत नाहीं. तथापि तोहि त्या व्यवहाराचा अवशेषच आहे, व लेखणीनें तो नोंदिला पाहिजे.

नैयायिक स्मृतीस केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारें ज्ञान मानितात व तिला प्रमा म्हणत नाहींत. हळहळ ही स्मृतीची धाकटी बहीण. तिला तर प्रमाण कसें म्हणावें? परंतु प्रमाणें वांचवावयास पुष्कळदां तीच आधीं धांवते, हेंहि तितकेंच खरें. म्हणून तिला साक्षीदार समजूं नये. साक्षीदारास न्यायालयापर्यंत पोंचविणारी गाडी समजावें.

(७)

हा विषय आम्हांस परका कां वाटला नाहीं, हें शेवटीं सांगितलें पाहिजे. माउंट ऑलिव्हच्या पंपावरील शेलचा शिंपला आपल्याही रस्त्यांवर होता. बर्मा-शेल कंपनी सन १९२८ मध्यें स्थापन झाली. सन १९७६ मध्यें ती सरकारनें घेतली. एसोचें नांव त्याआधीं दोन वर्षें गेलें. त्या काळच्या पाट्या आतां जुन्या बाजारांत शोभेच्या वस्तु म्हणून विकल्या जातात. पाट्या राहिल्या, वह्या गेल्या.

वह्या कशा जातात हें आम्हांस ठाऊक आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही पोथ्यांच्या शोधार्थ एका जुन्या रस्त्यावरील गांवीं गेलों होतों. ज्या घरीं उतरलों तेथील वृद्ध गृहस्थांनीं माळ्यावरून पोथ्यांचें एक बासन काढून दिलें, आणि त्याबरोबर लाल कापडी बांधणीच्या पांच-सहा वह्या पुढें केल्या. त्यांच्या वडिलांची मोटार-सर्विस होती. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस्. टी. ची पहिली गाडी धांवली, त्याच्या पूर्वींची. वह्यांत रोजचीं उतारूंचीं नांवें, भाडें, पेट्रोलचे डबे आणि महायुद्धांतील पेट्रोल-रेशनच्या कुपनांचा हिशेब होता. गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, ह्याही घेऊन जा, तुमच्या उपयोगीं पडतील.” आम्हीं दोन पानें चाळलीं, हंसलों, आणि म्हणालों, “दादा, ही तर रद्दी.” पोथ्या घेतल्या. त्या पोथ्यांपैकीं एकहि दुर्मिळ निघाली नाहीं. त्यांच्या उत्तम प्रती अन्यत्र उपलब्ध आहेत. पुढें दहा वर्षांनीं चौकशी केली तेव्हां ते गृहस्थ वारले होते, घर विकलें होतें, आणि वह्या वजनावर गेल्या होत्या.

अमेरिकेंतील ग्रंथसंग्रहालयानें परत पाठविलेलें पुस्तक निदान ३९९ ठिकाणीं शिल्लक होतें. आम्हीं परत केलेल्या वह्यांची दुसरी प्रत जगांत नव्हती. तेव्हां वाचकांस एवढीच विनंती आहे, कीं पोथी पाहावयास जाल तेथें माळ्यावरील दुसरें गाठोडेंहि सोडून पाहावें. पेट्रोलपंप, मोटार-सर्विस, टोलनाकें, रस्त्यावरचीं हॉटेलें यांच्या जमाखर्चाच्या वह्या, परवाने व पावत्या आढळल्यास त्यांची टांचणें करून, निदान छायाचित्रें घेऊन, मंडळाच्या दप्तरीं धाडावींत. हळहळ मागाहून कोणीहि करील. इत्यलम्.